पाय कोण उचलणार

केरी, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर "बुवा गेले" एवढंच बोललो आणि ठेवून दिला, तुला वाटलं असेल हा काय प्रकार. अरे मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो आणि तुझ्याकडे मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, असल्या गोष्टी अशा नाही सांगता येत. म्हणून आज बसलोय लिहायला. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तू बुवांना कधी भेटला नाहीस, पण तू मिरजेहून पाठवलेला तंबोरा गेली तीन वर्षं त्यांच्याच घरी आहे, म्हणजे तशी तुमची ओळख आहेच. आणि "बुवा" हे नाव त्यांना मी दिलं, ते तुला माहितीये. भजनात कसं, पेटीवर बसलेले एक बुवा असतात, ते मान हलवतात तसं सगळे चालतात. हे मी एकदा आमच्या बँडमध्ये समजावून सांगितलं, बुवा तिथे बँजोवर, आणि दुसऱ्या आठवड्यापासून फिडलवाली (फिडल म्हणजे व्हायोलिनच), बासवाला, सगळे त्यांना "बूवा" म्हणायला लागले, लांबलचक ऊ लावून. शेवटी शेवटी तर चर्चचे पाद्रीसुद्धा बूवा म्हणायचे.

भेट कशी झाली ते तुला अर्धवटच सांगितलंय मी. २०१३ साली ब्लूग्रासवाल्यांचं, म्हणजे इकडच्या बँजो-फिडलच्या लोकसंगीतवाल्यांचं, मोठं वार्षिक संमेलन नॅशव्हिल सोडून आमच्या रॅली शहरात आलं. फेयटव्हिल स्ट्रीट बंद करून रस्त्यावरच स्टेज, फुकट, म्हणून मी आपला पोरांना घेऊन गेलो, ब्लूग्रास म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तिथे खरी मजा स्टेजवर नसते लेका, कोपऱ्याकोपऱ्यात पाच-सहा जण गोल करून उभे असतात आणि ओळखपाळख नसताना वाजवतात. मी एका गोलापाशी उभा, आणि माझी डाव्या हाताची बोटं बॅगेच्या पट्ट्यावर चाललेली. समोर टोपीवाला म्हातारा, गळ्यात बँजो, मला म्हणतो, "काय वाजवतोस?" मी म्हणालो मेंडोलिन, पण वीस वर्षं झाली हात लावून. त्याने शेजारच्याचं मेंडोलिन सरळ माझ्या हातात दिलं.

आता आपलं मेंडोलिन म्हणजे काय, ऑर्केस्ट्रातलं, सगळं थरथरतं, स्वर सोडायचाच नाही. मी तसंच सुरू केलं. सगळे हसले, चांगलं हसले, तसलं नाही. गाणं संपल्यावर बुवा जवळ येऊन म्हणाले, "छान वाजवतोस. आता वाजवू नकोस."

तुला हे कळेल, तू ढोलकीवाला आहेस. ब्लूग्रासमध्ये ढोलकी, ड्रम, काही नसतं. डबल बासवाला एक आणि तीन मात्रेला स्वर ठेवतो, आणि दोन आणि चारला मेंडोलिनवाल्याने सगळ्या तारा एकदम मारून लगेच दाबायच्या, सूर ऐकूच यायला नको, नुसतं "चक्". म्हणजे धा त्याचा आणि चाट माझी. मी, ज्याने आयुष्यभर सोलो वाजवले, त्याने सहा महिने फक्त चक् चक् केलं. बुवा म्हणायचे, तुझा हात कुऱ्हाडीसारखा पडतोय, सुरीसारखा पडायला पाहिजे. लाकडं फोडायची नाहीत, कांदा चिरायचाय.

घरी आईला सांगितलं बँजोवाल्यांबरोबर वाजवतो म्हणून, तर ती पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, "एवढं शिकून विसर्जनाच्या मिरवणुकीत?" तिच्या डोक्यात आपला बटणांचा बँजो, बुलबुल तरंग, बँजो पार्टी. हे मी बुवांना सांगितलं आणि मुंबईच्या एका बँजो पार्टीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा बघितला. मग विचारलं, "यांच्यात कोणी हळू वाजवतं का?" मी म्हणालो नाही. "मग हे आमचेच."

त्यांचा बँजो तुला नीट सांगतो, कारण तू फोनवर विचारलं होतंस आणि मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलेलं. समज डफ आहे, लाकडाची कड, वर ताणलेलं कातडं, आता प्लास्टिकचं असतं, आणि भोवती चोवीस आकडे पाना लावून कसायचे. त्याला दांडी लावली. तारा पाच, पण पाचवी तार पूर्ण नाही, ती दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापासून सुरू होते, तिची खुंटी बाजूला चिकटवल्यासारखी दिसते. सगळ्यात बारीक, सगळ्यात उंच सुराची तार आणि ती सगळ्यात वर, अंगठ्याखाली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलोच, अरे ही तर चिकारी! बुवांना सतारीचा व्हिडिओ दाखवला, चिकारी, म्हणजे मधूनमधून छेडायची ती उंच सुराची बाजूची तार, कुठली ते बोट ठेवून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. नंतर नव्या माणसाला बँजो समजावताना "चिकारी" शब्द वापरायला लागले, वर "हे मिरज नावाच्या गावात करतात" असं ठोकून द्यायचे. सतार करतात रे बाबा, बँजो नाही, पण कोण सांगणार.

उजव्या हाताला तीन नख्या, अंगठ्याला प्लास्टिकची, तर्जनी आणि मधल्या बोटाला पत्र्याच्या. तीन बोटं आणि आठ मात्रा, म्हणजे बघ, तीन, तीन, दोन. केरव्यात तुम्ही तबलेवाले जे वजन इकडेतिकडे सरकवता ना, तेच यांचं रोज सकाळचं पाणी भरणं आहे. याला रोल म्हणतात. बोटं गोल फिरत राहतात, आणि गाण्याची चाल त्या फिरण्यातून मधूनच डोकं वर काढते, नाही शोधली तर सापडत नाही. हे घराणं अर्ल स्क्रग्जचं. जन्म १९२४, आमच्याच राज्यात, शेल्बीजवळ फ्लिंट हिलला. डिसेंबर १९४५ मध्ये ब्लूग्रासचा जनक म्हणतात त्या बिल मनरोच्या बँडमध्ये आला आणि नॅशव्हिलच्या रेडिओवर लोकांनी ऐकलं तेव्हा त्यांना कळेना एक माणूस वाजवतोय का दोन. मी हे असं सांगितलं की बुवा लगेच बोट वर करायचे, तीन बोटांनी वाजवणारे त्या भागात आधीही होते, स्नफी जेन्किन्स होता, अर्लने ते घासून पुसून लखलखीत केलं. श्रेय वाटण्याच्या बाबतीत फार काटेकोर माणूस.

२०१४ ला शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत स्क्रग्जचं म्युझियम उघडलं, तिथे आम्ही दोघं गेलो होतो. बुवा काचेतल्या बँजोपुढे दोन मिनिटं थांबले असतील नसतील, पण गिरणीच्या फोटोपुढे अर्धा तास. कारण अर्ल लढाईच्या काळात शेल्बीत दोऱ्याच्या गिरणीत होता आणि बुवांनी पण सव्वीस वर्षं बर्लिंग्टनला मोज्यांच्या गिरणीत काढली. एक एक करून गिरण्या बंद पडल्या, मग पन्नाशीत घरोघरी हीटर-एसी दुरुस्तीला लागले. मी त्यांना माझ्या लालबागच्या मामाचं सांगितलं, ८२ चा संप, नंतर मामाने वॉचमनची नोकरी धरली ते. परतीच्या वाटेवर तासभर कोणी बोललं नाही. मग रस्त्याच्या कडेला एक माणूस मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत बसलेला दिसला. अरे हो, आपल्यासारख्याच उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, मिठाच्या पाण्यात! इकडे दक्षिणेत जागोजागी मिळतात, मला तोवर पत्ताच नव्हता. बुवांना वाटलं याला नवीन काहीतरी खिलवतोय, आणि मी पिशवी निम्मी संपवली, टरफलं दातांनी फोडून पाणी ओढून घेत. ते म्हणाले, "तू इथलाच आहेस, कुठेतरी कागदपत्रात घोळ झालाय."

बाकी सगळं गोड गोड होतं असं समजू नकोस. एकदा चार आठवडे आम्ही बोलत नव्हतो. मला प्रत्येक वाद्याला वेगळा पिकअप, वेगळा माइक पाहिजे होता, इंजिनिअर ना मी, आणि बुवांचं म्हणणं एकच माइक, मध्ये, जुन्या पद्धतीने, ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, झालं की मागे सरायचं. मी म्हणालो तुम्हाला टेक्नॉलॉजी कळत नाही. ते म्हणाले तुला मागे सरायचं नाहीये. खरं सांगू, तेच होतं. पाचव्या आठवड्यात दार वाजलं, बघतो तर हातात शेंगांची ओली पिशवी. माफी नाही, काही नाही, आत येऊन सोफ्यावर बसले. तेव्हापासून एकच माइक.

आणि त्या एका माइकमुळे मला कळलं हा माणूस काय होता. बँजोवाल्यांवर इकडे ढीगभर विनोद आहेत, कांदा कापताना डोळ्यात पाणी येतं, बँजो कापताना येत नाही, असले. सगळ्यात मोठ्या आवाजाचं वाद्य, वाजवणारा थांबतच नाही. बुवांचा हात थांबायचा. फिडलवाली गायला लागली की ते अर्धं पाऊल मागे जायचे, नख्या पुलापासून, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीपासून, लांब दांडीकडे सरकवायचे, तिथे आवाज गोल येतो, आणि तिच्या ओळीत श्वासाची जागा आली की तिथेच फक्त दोन-तीन स्वर टाकायचे. कधी कधी अख्खं कडवं नुसती पाचवी तार, तीही ऐकू येईल न येईल अशी. लोक टाळ्या द्यायचे त्यांच्या फास्ट वाजवण्याला. फास्ट वाजवणारे इथे पोत्याने आहेत मर्दा, बारा वर्षांची पोरं वाजवतात. असा मागे सरकणारा मी दुसरा बघितला नाही.

एक किस्सा सांगतोच. अर्ल आणि त्याचा भाऊ होरेस लहानपणी म्हणे एक गाणं एकत्र सुरू करायचे, मग पाठीला पाठ करून घराला उलट्या दिशेने फेरी मारायचे, आणि पुन्हा समोरासमोर आले की लय जुळतेय का बघायचे. बुवा म्हणाले करून बघू. डाव्या बाजूने ते, उजव्या बाजूने मी. मागच्या अंगणात एसीचं खोकं घरघरतंय, त्यापाशी माझं मला ऐकू येईना, चिखलात पाय, तरी मी चक् चक् करतोय. कोपरा वळलो आणि समोरून बुवा येतायत, शांत, फिरायला निघाल्यासारखे, आणि मी त्यांच्या दीड मात्रा पुढे. खिडकीतून काकू, बुवांची बायको, हसून हसून बेजार. बुवा म्हणाले, "घाई तुला होती, घराला नव्हती." नंतर आम्ही हे निदान पन्नास वेळा केलं असेल. जुळलं चारदा.

तंबोऱ्याचं तर तुला सांगायलाच पाहिजे. मी त्यांना भोपळा दाखवला, म्हटलं आमच्या गावात गल्लीच्या गल्ली आहे, भोपळे वाळत टाकलेले असतात. तर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, बँजोसुद्धा भोपळ्याचाच होता. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी इथे भोपळ्याला कातडं लावून वाजवला, तिकडे सेनेगल-गांबियाकडे आकोन्टिंग म्हणून त्याचा भाऊ अजून वाजतो. नंतर गोरे लोक तोंडाला काळं फासून, नकला करत तो स्टेजवर घेऊन आले, आणि पुढे शंभर वर्षांत सगळे विसरले की हा कोणाचा. आमच्यापासून तासाभराच्या आत मेबेन म्हणून गाव आहे, तिथे जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक होते, २०१२ ला गेले, त्यांच्याकडे काही तरुण पोरं बसून शिकली आणि त्यांच्या बँडने पुढे ग्रॅमी नेलं. बुवा त्याच जिल्ह्यात वाढलेले. त्यांना हे साठीनंतर कळलं. "माझ्या घरात कोणी बोललंच नाही," म्हणाले, "आणि मी विचारलं नाही." त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात, अगदी पंधरा माणसांचा असला तरी, बँजो कुठून आला हे दोन वाक्यांत सांगितल्याशिवाय सुरुवात नाही. काही जण तोंड वाकडं करायचे. बुवा नख्या चढवत बसायचे.

मग जवारी. मी तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून दाखवला, कसा एका जागी आला की सूर उघडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन, "ऐक." बँजोच्या पुलावर दोरा घातला होता. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. आम्ही दोघं इतके हसलो की माझी मीटिंग गेली. पण तंबोरा मात्र परत आला नाही. मी गंधार न लावता नुसता सा-पा मध्ये लावून दिला होता, बँजोच्या "जी" (G) सुराला सा धरून, त्यावर ते एकटेच तासन् तास रोल घोळवत बसायचे.

२०२४ च्या डिसेंबरात झाकीरभाई गेले ना, त्या दिवशी मला पहिला फोन बुवांचा. तुझ्याही आधी. बँजोवाला बेला फ्लेक आणि झाकीरभाईंची रेकॉर्ड, राकेश चौरसिया आणि एडगर मायर आहेत ती, आम्ही गाडीत शंभर वेळा ऐकली होती, बुवा नेहमी एकच बोलायचे, "हा तबलेवाला ऐकतोय." फोनवर म्हणाले, "तुमच्याकडचे गेले, ऐकलं." मग काहीच नाही, दोन मिनिटं नुसता श्वास. आपल्याकडे लोक दारात येऊन बसतात तसं.

गेलं वर्षभर त्यांचं बरं नव्हतं. आधी अंगठ्याचा सांधा, मग फुप्फुसं. अंगठा दुखायला लागल्यावर स्वर कमी केले, आणि माझं मत विचारशील तर तेव्हा सगळ्यात चांगलं वाजवलं. शेवटच्या तीन-चार प्रॅक्टिसना तर नाकात नळी, बँजो मांडीवर आडवा, वाजवत नव्हते. पण पाय उचलायचे.

हे राहिलंच सांगायचं. ब्लूग्रासमध्ये गाणं गोल गोल फिरत राहतं, प्रत्येकाची पाळी होते, मग संपवायचं कधी? तर जो मुख्य असतो तो एक पाय जमिनीवरून उचलतो, बूट हवेत दिसला की सगळ्यांनी समजायचं ही शेवटची फेरी. आमच्यात तो पाय कायम बुवांचा. उजवा. तपकिरी कामाचा बूट, टाचेकडे झिजलेला. इतक्या वर्षांत कोणी ठरवलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सगळे जमले होते, गेल्या शनिवारी. टेबलावर बटाट्याची सॅलडं, केक, माझ्या बायकोने केलेले दोन ट्रे बटाटेवडे. काकूंनी सांगितलेलं, रडकं काही वाजवू नका, पळतं वाजवा. आम्ही चौघं, मध्ये एक माइक, आणि बुवांची जागा तशीच रिकामी, ठरवून नाही, सवयीने. सुरू केलं. बँजो नाही म्हणजे गाणं कसं झालं होतं सांगू, मिरवणूक आहे आणि ताशा नाही. फिडलचं झालं, गिटारचं झालं, माझं झालं. पुन्हा फिडल. पुन्हा गिटार. मी फिडलवालीकडे बघतोय, ती बासवाल्याकडे, तो माझ्याकडे. कोणी पाय उचलेना. मला उचलता आला असता, मी सुरुवात केली होती, पण बूट जागचा हलेचना रे. पाच फेऱ्या, सहा, सात, लोकांना कळायला लागलं, कोणीतरी हसलं, हात दुखायला लागला, आणि लय, शप्पथ, जराही पळाली नाही.

मग पहिल्या रांगेत काकू, खुर्चीवर, मांडीवर पर्स घट्ट धरलेली, सूज असते म्हणून पायात ते मोठे पांढरे बूट. चेहऱ्यावर "किती वेळ चालवणार आहात मेल्यांनो" असा भाव. त्यांनी उजवा पाय सरळ पुढे उचलला आणि तसाच धरून ठेवला.

आम्ही संपवलं.

काल त्यांच्याकडे गेलो होतो. बँजो खाटेखाली पेटीत आहे, धाकटा नातू कधीतरी हात लावतो, बघू. मी म्हटलं तंबोरा नेऊ का, अडचण होत असेल. काकू म्हणाल्या राहू दे, सकाळी कॉफी होईपर्यंत मी छेडत बसते, घर फार गप्प वाटतं नाहीतर. फक्त मधल्या एका तारेचा सूर बसलाय, उघडत नाही म्हणाल्या. बघितलं तर दोरा निम्मा तुटलाय, बुवांनी बँजोवर प्रयोग करायला कापून घेतला असणार. मी शिवणाचा घालून बघितला, जाड पडतो. तर तुमच्या गल्लीतून कोणी इकडे येणार असेल तर जवारीचा सुती दोरा पाठव, एक रीळ पुरे, कागदात गुंडाळून, आणि किती बारीक लागतो ते कारागिराला विचारूनच घे, अंदाजाने नको.

तुझा,
चक् चक्